कुशाबाईच्या हातची हळद

आमच्याकडे दूध घालणाऱ्या कुशाबाईवर लिहायचं चैत्रापासून मनात आहे. रागात लिहिलेलं पुढं आपल्यालाच वाचवत नाही, राग निवला की लिहू, असं म्हणून थांबले होते. आता श्रावण लागला. सोमवार धरले, पोथी लावली, रोज देवापुढं बसते, तरी राग जागचा हलत नाही. रोजच्या वहीत त्याचे तुकडे पडलेलेच आहेत. ते जुळवून आहे तसं लिहून काढते.

हे पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागले तेव्हा आम्ही साताऱ्याकडून इकडे आलो. चिंचवडात दुर्गाबाईंच्या घरात दोन खोल्या मिळाल्या. देवळातली घंटा घरात ऐकू येते म्हणून मीच ही जागा धरायला लावली. दुर्गाबाई घरमालकीण. सोवळ्याला कडक, जिभेला त्याहून कडक. कुशाबाई त्यांच्याकडे दूध घालून मग आमच्याकडे यायची. पवनेच्या पलीकडं, थेरगावच्या वरच्या अंगाला तिचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिला तिथंच नांदायचं आहे.

बाई उंच, काटक, डोक्यावरची चरवी कधी हातानं धरायची नाही. माहेर चाकणकडचं. बोलण्यात कुणाला हार जायची नाही. एकदा मी म्हटलं, "कुशाबाई, आज दूध पातळ का गं?" तर म्हणाली, "बाई, पाणी म्या न्हाई घातलं. म्हशीनंच पिलंय, तिला इचारा." आणि वर चांगलं पळीभर जास्त ओतून गेली. असं तिचं सगळं. तोंडानं फटकारायचं आणि हातानं द्यायचं.

तिचा नवरा धर्माजी. थोडीफार कोरडवाहू जमीन, दोन म्हशी, आणि आता कारखान्याच्या मालधक्क्यावर पोती उचलायचं काम. गडी अबोल. पण त्याच्या घराण्याला गावात एक मान होता, आणि त्या मानापायीच ही सगळी हकीकत.

त्यांच्या गावी चैत्रात भैरोबाचं बगाड असतं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठा गाडा, त्यावर उभा खांब, खांबाच्या टोकाला आडवं लाकूड. गळकरी म्हणजे ज्याचा मान असतो तो माणूस, त्याच्या पाठीत लोखंडी गळ टोचायचे, त्या आडव्या लाकडाला त्याला अडकवायचं, आणि बैल लावून गाडा या देवळापासून त्या देवळापर्यंत न्यायचा. पुष्कळ गावांनी हे सोडून दिलं आहे. नुसतं बांधून फिरवतात. या गावानं सोडलं नव्हतं. गळ धर्माजीच्या भावकीचा. पण भावकीतले एक म्हातारे झाले, एक मुंबईला गेले, आणि सलग दुसऱ्या साली पाळी पुन्हा धर्माजीवरच आली.

पहिल्या सालची जत्रा झाल्यावर कुशाबाई एकदा चरवी खाली ठेवून उंबऱ्याशी बसली. कधी बसायची नाही. म्हणाली, "बाई, जखमेवर घालायची पूड हाय का तुमच्यात?"

मी घरातली बोरिक पावडर दिली, जुन्या लुगड्याच्या मऊ पट्ट्या करून दिल्या, आणि त्या रविवारी यांना घेऊन नदी ओलांडून त्यांच्या घरी गेले. धर्माजी ओसरीवर पालथा पडलेला. मला पाहून त्यानं मान वळवली नि म्हणाला, "या बाई. पाठ करून बोलतोय, राग मानू नका."

पाठ मी पाहिली. कण्याच्या दोन्ही अंगांना दोन भोकं, भोवती लाल सूज, आणि आत पू. त्याचं वर्णन करणार नाही. मी एवढंच विचारलं, "फार दुखतं का?"

त्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं त्याची चुलती सरुबाई हिनं. ती तिथंच वात वळत बसली होती. तिचा नवराही त्याच्या काळचा गळकरी. म्हणाली, "देवाचा गळ दुखत नसतोय बाई. ज्याचं मन साफ, घर साफ, त्याला मुंगी चावल्यावानी बी हुत न्हाई. ह्ये पिकलंय म्हंजी घरात कायतरी इटाळ झालाय." हे म्हणताना तिनं कुशाबाईकडं पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. ओसरीवरच्या बाकी सगळ्यांनी पाहिलं.

कुशाबाई ऊन पाणी घेऊन आली, नवऱ्याची पाठ धुवायला लागली. पाणी पडलं तसे त्याच्या पायांचे अंगठे ताणले. तोंडातून चकार शब्द नाही.

परत येताना नदीच्या वाळूत मी उभी राहिले. मला तेव्हा ही गोष्ट नीट कळली. दुखलं म्हणावं तर घराला बट्टा, बायकोला बोल. म्हणून ज्याला दुखतं त्यानं गप्प बसायचं. मग तो गप्प आहे म्हणजे दुखत नाही, असं गावानं म्हणायचं. काय पण सोय केली आहे.

दोन महिने धर्माजी कामावर गेला नाही. धक्क्यावर पोतं पाठीवर घ्यावं लागतं. मुकादमानं जागा राखली, पण बजावलं, "पुन्हा असं झालं तर दुसरा माणूस घेईन." अंगात ताप मुरला होता तो पावसाळा संपेपर्यंत गेला नाही. आणि माघ संपत आला तसे गावात बोलायला लागले, औंदाही गळ धर्माचाच.

पारावर बैठक बसली. त्याची हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाईनं मला दूध मापता मापता सांगितली. रागानं तिचं माप सांडत होतं.

"बायका मागं बसत्यात न्हवं, म्या उठून उभी ऱ्हायले. म्हणलं, पाटील, औंदा माझ्या मालकाला गळ नगं. पटक्यानं बांधा, देव काय न्हाई म्हणायचा न्हाई. तर सोपानराव पाटील काय म्हणतो? कुशे, तू कधी गळावर चढलीस? म्हणलं, न्हाई. मग न चढलेल्यानं त्यातलं बोलू नये. ज्याचं त्याला ठावं."

"मग?"

"मग म्या म्हणलं, खरं हाय पाटील. तुमी कवा चढलाव? तर म्हणतो, आमचा मान नारळाचा. गाडा हलायच्या आदी नारळ फोडायचा. म्या म्हणलं, मग दुखत न्हाई ह्ये तुमाला नारळानं सांगितलं व्हय?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"लोक हसली, बाई. तवा त्यो चिडला. म्हणाला, बाईमाणसाची बडबड नगं. ज्याची पाठ त्यालाच इचारतो. धर्मा, ऊठ. सांग पंचांना. दुखतं?" तिनं माप चरवीत टाकलं. "त्यो बोटानं माती उकरत बसलेला. कवाधरनं उकरत हुता. मग खाली बघूनच म्हणाला, न्हाई."

एवढं सांगून ती उठली. जाताना मात्र जे म्हणाली ते मी त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवलं. "मला किती दुखतं ते ठावं न्हाई, बाई. ह्ये म्या कबूल करते. पर त्याची पाठ म्या धुती. पाटलानं धुतली असती तर त्यो बी आसं बोलला नसता."

ही बातमी दुर्गाबाईंकडे माझ्या आधी पोचली होती. ओट्यावर तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "काय तरी बायका. देवाच्या मानात तोंड घालतात. हिला काय अधिकार? हिची पाठ आहे का?"

मी म्हटलं, "दुर्गाबाई, तुमची तरी पाठ आहे का?"

त्यांनी सूप माझ्याकडं असं फिरवलं की कोंडा माझ्या पायावर.

घरात यांच्याशी तेच. हे सज्जन आहेत, पण सज्जन माणसाला वाद नको असतो. जेवताना म्हणाले, "अगं, आपण बाहेरची माणसं. आपण ना त्या देवाला नवस केला, ना तो गाडा ओढला. जे आपण केलं नाही त्याला नावं ठेवू नयेत."

मी म्हटलं, "परवा आमटीला मीठ कमी म्हणालात. चूल कधी पेटवलीत?"

हे हसले. "मीठ जिभेला कळतं."

"मग पाठ डोळ्याला कळते," मी म्हटलं, आणि भात वाढायचा राहिला तो राहिलाच. आपल्या हातानं वाढून घेतला त्यांनी.

पण खरं सांगायचं तर मनातून मी डगमगले होते. मी देवभोळी बाई आहे. हरतालिकेला पाण्याचा थेंब घेत नाही. कधी उपास न केलेल्या माणसानं उपासाची टवाळी केली की माझा जीव जळतो. मनात येतं, एक दिवस कर आणि मग बोल. मग सोपानराव पाटील वेगळं काय म्हणाला? तेच तर म्हणाला. संध्याकाळी देवळात गेले, गणपतीसमोर बसले, आणि देवाला सरळ विचारलं की दुसऱ्याच्या देवाच्या नेमाला मी नाव ठेवते आहे, हे पाप तर होत नाही ना. पायऱ्या उतरताना माझं मलाच सुचलं. माझा उपास माझ्या पोटावर आहे. भूक लागली तर भूक लागली म्हणायची मला मुभा आहे. आजारी पडले तर सासूबाईच म्हणायच्या, सोड गं, देवाला कळतं. धर्माजीला दुखलं म्हणायची मुभा नाही. जिथं भोगणाऱ्याला बोलू देत नाहीत, तिथं न भोगणाऱ्यानं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? खांबानं?

आणि आणखी एक. बगाड फार छान, बगाड फार पवित्र, असं म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही, तू चढलास का? वाहवा करायला अनुभव लागत नाही. नको म्हणायला तेवढा लागतो. हा कुठला न्याय?

जत्रेला मी गेले. हे नको म्हणत होते, मग आलेच बरोबर. माळावर ही गर्दी. ताथवड्याकडून, निगडीकडून माणसं गाड्या जुंपून आलेली, पाळणे, गोडी शेव, ढोलांचा नुसता दणका. गाडा सजवून उभा होता. त्याच्याकडं पाठ करून चौरंगावर धर्माजी बसलेला. धुतलेलं धोतर, डोक्याला नवा पटका, अंग उघडं. पाठीवर गेल्या सालचे दोन जांभळे वण. गळ लावणारा म्हातारा बाजूला गळ घासून, तेल लावून तयार.

त्यांच्यात रीत अशी की गळ टोचायच्या आधी गळकऱ्याच्या बायकोनं त्याच्या पाठीला हळद लावायची. तिची हळद लागल्याशिवाय गळ अंगाला लागत नाही. कुशाबाईच्या सासूनं नव्या सुनेचा हात धरून तिला ती शिकवलेली. हळद कशी भिजवायची, कण्यावरून खाली बोटं कशी ओढायची, सगळं.

कुशाबाई ताट घेऊन आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. नवऱ्याच्या मागं उभी राहिली. ढोल थांबले. ती तशीच उभी.

"लाव गं," कुणीतरी म्हणालं.

ती हलली नाही. मला वाटलं तिला रडू येतंय. मी पुढं सरले तर चेहरा अगदी कोरडा.

सोपानराव पाटील हातात नारळ घेऊन चाकाशी उभा होता. म्हणाला, "कुशे, येळ टळतीय."

"पाटील," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण माळावर तेव्हा एवढी शांतता होती की मागच्या बायकांनाही ऐकू गेलं. "गळाचं मला ठावं न्हाई म्हणून तुमी मला पारावर गप केलं. म्या गप बसले. गळाचं आज बी बोलत न्हाई. पर हळद म्या लावती. सासूनं शिकवल्यापासनं लावतीय. हळदीतलं तुमी कुणी मला शिकवू नका. हळद जखम झाल्यावर लावायची असती. जखम करायला म्या लावायची न्हाई."

"देवाचा कोप हुईल."

"मग माझ्यावर हुं द्या. ताट माझ्या हातात हाय."

धर्माजी वळून बघेना. त्याची पाठ तेवढी आम्हाला दिसत होती, आणि ती पाठ थरथरत होती. सांगून टाक ना रे, असं माझ्या ओठावर आलं होतं. एवढा मोठा गडी, बायको एकटी उभी आहे, आणि तू चौरंगावर दगडासारखा. त्या क्षणी पाटलापेक्षा मला त्याचाच राग जास्त आला. हे मी खोटं कशाला लिहू.

मग पाटलानं सरुबाईला हाक मारली. "काकी, तुमी घरातल्या थोरल्या. तुमी लावा हळद."

सरुबाई पुढं आली. गेल्या साली विटाळाचा बोल लावणारी हीच. तिनं ताटाकडं पाहिलं, धर्माजीच्या पाठीकडं पाहिलं, मग पाटलाकडं वळली. "म्या माझ्या दाल्ल्याच्या पाठीला लावली. हिच्या दाल्ल्याला कशी लावू? म्हातारपणी माझं दुसरं लगीन लावताय व्हय, सोपाना?"

एवढा हशा पिकला की बैल बुजले. पाटलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. सरुबाई पदर सावरून बायकांत जाऊन बसली. तिनं सुनेची कड घेतली की रीतच तशी होती म्हणून नाही म्हणाली, ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला पुढं एकदा विचारलं तर म्हणाली, "रीत हाय बाई ती." आणि डोळे मिचकावले की मिटले, तेही कळलं नाही.

ऊन उतरत होतं. दिवस मावळायच्या आत गाडा पलीकडच्या देवळाला लागायला हवा, नाहीतर जत्रा मोडली. आता देवाचा कोप कुणी काढेना, घाईच काढायला लागले. शेवटी गळ लावणारा म्हाताराच म्हणाला, "पटक्यानं बांधा आन् चढवा. किती येळ बैल तापवताय?" धर्माजीच्या डोक्याचा नवा पटका सोडला, काखेतून घेऊन छातीभोवती आवळला, गाठ पाठीवर आली त्या दोन वणांवर. गडी वर गेला. नारळ फुटला. चांगभलं म्हणून माळ उठला आणि गाडा हलला. देव जसा रोज होता तसाच होता. पाऊस पडला नाही, वीज पडली नाही, बैल बसला नाही.

कुशाबाईनं ताटातली हळद भैरोबाच्या पायरीला वाहिली, हात जोडले आणि म्हशी बघायला घरी गेली.

सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. आडावर बायका तिला सगळ्यांच्या शेवटी पाणी भरू देत होत्या. चिंचवडात दुर्गाबाईंनी तिचं दूध बंद केलं. म्हणाल्या, "कोप झालेल्या घरचं दूध माझ्या देवाला नको."

मी विचारलं, "जत्रेला तुम्ही होतात?"

"असायला कशाला पाहिजे? ऐकलं की."

घ्या. कुशाबाईनं वर्षभर पाठ धुतली तरी तिला बोलायचा हक्क नाही, आणि यांनी नदीसुद्धा ओलांडली नाही तरी शाप द्यायचा हक्क आहे. मी त्या दिवसापासून कुशाबाईकडून दोन मापं घेते. जास्तीच्या दुधाचं विरजण लावते आणि ताक दुर्गाबाईंच्या दारासमोर बसूनच घुसळते. देव मला क्षमा करो, त्या आवाजाचा मला आनंद होतो.

जत्रेनंतर काही दिवसांनी कुशाबाई दूध घालायला आली ती हसत हसतच. मी विचारलं, "धर्माजी कामावर गेला का?"

"गेलाय की. पोतं उचलतोय. पर घरी आला की कण्हतोय, बाई. पटका काखंत रुतला म्हणून. ह्या अंगाला तेल लाव, त्या अंगाला शेक दे, हात वर हुईना, आई गं, मेलो गं. गेल्या साली पाठ पिकली तर ब्र न्हाई काढला, आन् आता काखंतल्या वळानं घर डोक्यावर घेतलंय."

गळ देवाचा होता, तो दुखून चालत नव्हता. पटका माणसाचा, त्याला दुखायची मुभा होती.

"मग तू काय म्हणालीस?"

तिनं माप भरलं, वर पळीभर जास्त ओतलं, चरवी उचलून डोक्यावर ठेवली.

"काय म्हणायचं? तेल लावत बसले. म्हणलं, कण्ह बाबा. पोटभर कण्ह. गेल्या सालचं राह्यलंय, त्ये बी कण्हून घे."